अँटेना धरून उभी होते ती संध्याकाळ

अँटेनाला मी जेवणाच्या ताटल्या बांधल्या होत्या. हो, ताटल्याच. ॲल्युमिनियमला आमच्याकडं जर्मन म्हणतात, तर त्या जर्मनच्या ताटल्या, तारेनं आवळून, एकेका काडीला एक.

हा शहाणपणा आधी कबूल करून टाकते, कारण पुढं मी गच्चीवर अडकून पडले ती या शहाणपणामुळंच. मी माहेरची केडगावची, बारावी पास. दिली होती अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या अलीकडं, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या एका वाडीत. नगर शहराला खेटून वाढल्यामुळं आपल्याला सगळं कळतं असा माझा पक्का समज. अँटेनाला काड्या जास्त तेवढं चित्र स्वच्छ, हे मी कुठंतरी ऐकलेलं. मग काडीपेक्षा ताटली मोठी, म्हणजे चित्र आणखी स्वच्छ... झालं! चढली बाई शिडीवर.

पहिले दोन दिवस सगळ्यांना म्हणायला लावलं की टीव्हीच्या पडद्यावरच्या मुंग्या कमी झाल्या. मग वारं सुटलं. ताटल्या अशा वाजायला लागल्या की मामंजी — माझे सासरे — काठी घेऊन अंगणात. सकाळी बघते तर निम्म्या ताटल्या शेजारच्या गोठ्यात, पाईप वाकलेला, आणि त्याला भिंतीशी धरणारा क्लॅम्प कायमचा ढिला. तेव्हापासून आमची अँटेना वाऱ्याबरोबर फिरायची. हातानं धरली तर चित्र, सोडली की मुंग्या. मामंजी एवढंच म्हणाले, "केडगावला ताटलीत जेवत न्हाईत व्हय?"

आता मुद्द्याचं. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी नियमानं वाचते, आणि खरं सांगू? हसायला वाचते. पांढऱ्या साडीतली बाई आली की मी नातीला म्हणते, "मेल्यावर हिला साडी पांढरीशुभ्र ठेवायला वेळ मिळतो, मला जिवंतपणी नाही मिळाला." तिठ्यावर कुणी उतरून टाकलेलं लिंबू दिसलं तर ते चांगलं आहे का नासकं, एवढंच मी बघते. अशा बाईनं हे लिहायला घेतलंय. तुम्ही हसलात तर माझी हरकत नाही, मीही हसलेच असते.

आमच्या वाडीत टीव्ही लावणं हे एकट्याचं काम नव्हतंच. तीन माणसं लागायची. एक वर पाईप फिरवायला, एक अंगणात, एक आत टीव्हीपुढं. आतला ओरडणार, अंगणातला ते वर पोचवणार. "आलं का?" "आलं!" "आता?" "गेलं! मगाचं बरं हुतं!" टीव्ही काळा-पांढरा, लाकडी पेटीतला, पुढं सरकती दारं असलेला. पण आमच्या घरी अंगणातल्या माणसाची गरज पडत नसे, कारण आत बसायच्या आत्याबाई, माझ्या सासूबाई. त्यांचा आवाज कौलं उचलून बाहेर यायचा. "शालने, कुठं फिरवतीस? आता माणसाची दोन माणसं दिसाय लागली!"

तो आवाज आदल्या वर्षी गेला. अर्धांगवायूचा झटका. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एका सकाळी. डावा हात तेवढा चालायचा. घशातून एक खरखर यायची, बस्स. बोललेलं सगळं त्यांना कळायचं, पण एक अक्षर उमटायचं नाही. तालुक्याचे डॉक्टर झाले, नगरचे झाले. आम्ही सवय करून घेतली. त्यांनी करून घेतली का, ते कोण विचारणार? आणि विचारून कळणार कसं?

त्यांना एकच मुलगी. माझ्या नणंदबाई, मंगलवन्सं. मी लग्न होऊन आले त्याच्या कितीतरी आधी त्यांनी आपल्या मनानं एका मास्तरांशी लग्न केलं होतं. मास्तर चांगले, नोकरी पक्की, निर्व्यसनी. पण बौद्ध समाजातले. एवढंच कारण. मामंजींनी भर अंगणात सांगितलं होतं, "आजपासनं मला मुलगी न्हाई." तेव्हापासून घरात ते नाव नव्हतं. फोटोसुद्धा नव्हता, त्यामुळं वन्सं दिसतात कशा हेही मला ठाऊक नव्हतं. त्या राहायच्या संगमनेरला. सकाळच्या एसटीनं निघालं तर दुपारच्या आत माणूस पोचतं. पण या घरातून कुणी ती एसटी धरली नव्हती.

धडधाकट होत्या तेव्हा आत्याबाई ताक घुसळताना कधीतरी हळूच म्हणायच्या, "तिला ताक लई आवडायचं." नाव नाही. नुसतं "तिला".

तर एके दिवशी आमचे हे डेअरीवर दूध घालून आले आणि मला गोठ्यात बोलावून कुजबुजले, "मंगलाक्का टीव्हीत दिसणार हाय. गुरवारी संध्याकाळी, त्या शेतीच्या कार्यक्रमात. बायांना घेऊन रोपवाटिका काढलीय म्हनं तिनं."

"मग? आत्याबाईंना दाखवायचं?"

"ते तू बघ. मी न्हाई बापापुढं बोलनार."

नवरे असेच असतात. बातमी आणतात आणि वैरण टाकायला निघून जातात.

आत्याबाईंना तेल लावताना मी त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी माझं मनगट डाव्या हातानं असं धरलं की बोटांचे वळ उठले. पुन्हा दाखवायची काही सोय नव्हती त्या काळी. एकदा लागलं ते लागलं, हुकलं ते हुकलं. अर्ध्या तासाचा कार्यक्रम. त्यात वन्संचं किती असेल कुणास ठाऊक. तेवढ्यात या बाईला आपली मुलगी बघायची होती, आणि मध्ये उभी होती माझी ती फिरकी अँटेना.

गुरुवारी मी तयारी केली. हे नेहमीप्रमाणं दुधाचे कॅन घेऊन गेले. मामंजींना मी सांगितलं, "मारुतीच्या पारावर कुणी पाहुणे आलेत, तुम्हाला विचारत होते." साफ खोटं. पण पारावर एकदा बसले की त्यांना पाहुणे नसले तरी चालायचं. अंगणात उभं राहून आतलं वर सांगायचं शेजारच्या पारूबाईंनी कबूल केलं होतं. ऐन वेळी त्यांची म्हैस व्यायला लागली. पारूबाई गोठ्यातूनच ओरडल्या, "मला न्हाई जमायचं गं! हिला आत्ताच सुचलंय!"

आता आत फक्त आत्याबाई, त्यांना वाचा नाही. वर मी, मला टीव्ही दिसत नाही. मग मी त्यांच्या डाव्या हातात पितळी पेला दिला. "आत्याबाई, चित्र आलं की खाटेवर एकदा वाजवा. गेलं की दोनदा." त्यांनी एकदा वाजवून दाखवला. मी टीव्ही लावला. खरखर आणि मुंग्याच मुंग्या. पडदा नीट दिसेल अशी खाट सरकवली, आणि मागच्या खोलीच्या स्लॅबवर जायला शिडी चढले.

चढता चढता गिरणीचा आवाज बंद झालेला मला आठवतो. वाटलं, दळण संपलं असेल.

उजेड अजून होता. कार्यक्रमाची वेळ झालेली. मी पाईप दोन्ही हातांनी धरला आणि ओरडले, "आत्याबाई, आलं का?"

काही नाही. थोडं फिरवलं. "आता?"

"न्हाई आलं. जरा कळसूबाईच्या अंगाला घे."

मी घेतलं.

इथं मी माझ्या तेव्हाच्या अकलेला हात जोडते. वर्षभर मुकी असलेली बाई आतून बोलली, आणि मी काय केलं? पाईप कळसूबाईच्या अंगाला घेतला! मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. अँटेना फिरवताना आतून तो आवाज येणार, याची इतकी सवय होती की कानांनी ऐकलं आणि हातांनी केलं. डोकं मध्ये आलंच नाही.

"अजून... अजून थोडं... आलं! आलं गं शालन! धर तसंच. हालू नको."

"दिसतात का वन्सं?"

"दिसती की. बया... कानापाशी केस पिकल्यात तिचे. माझ्या आधी कसे पिकले?"

"नेसल्यात काय?"

"हिरवं पातळ. साधंच हाय."

"शोभतंय का?" — हे मी विचारलं. वरून. ओरडून.

"तिला काय शोभत न्हाई?" आवाज मग म्हणाला, "उंबऱ्यात बसलीया. समदी आत हायेत, ही एकलीच भाईर."

मला वाटलं, टीव्हीवाल्यांनी घरी जाऊन शूटिंग केलं असेल. खांदे भरून आले होते. वारं पाईप ओढत होतं आणि मी त्याला मिठी मारून उभी होते. आवाजाची एक गोष्ट मात्र तेव्हाही जाणवली. तो पूर्वीसारखा मोठा नव्हता. तरी एकेक शब्द नीट ऐकू येत होता, जसा शेजारी बसलेल्या माणसाचा येतो.

"शालन, हिच्या हाताला काय झालंय गं? उजव्या हाताला फडकं गुंडाळलंय. पार कोपरापत्तुर."

"लागलं असेल काही काम करताना."

"न्हाई. लई दुखत असंल. ती हात मांडीवर घिऊन बसलीया, लेकरू घिऊन बसल्यासारखी."

मग बराच वेळ काही नाही. मी विचारलं, "आहे का अजून चित्र?"

"हाय. बोलू नको."

 डोंगरावरचं ऊन गेलं. शेवटी आवाज आला, अगदी नेहमीच्या सुरात, "उठून आत गेली. सोड आता. हात भरून आलं असत्याल तुझं."

मी पाईप सोडला, उतरले, हात चोळत घरात आले. टीव्ही बंद. पडदा काळा. बटण चालूच होतं, पण लाईट नव्हती. मी रॉकेलची चिमणी लावली आणि म्हटलं, "नशीब, कार्यक्रम संपल्यावर गेली. बघितल्या ना वन्सं?"

आत्याबाईंनी डोळे मिटले. हो म्हणायची त्यांची ती खूण होती. दोन्ही गाल ओले. पितळी पेला मांडीवर तसाच. तो एकदाही वाजला नव्हता हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं, आणि मग बाकीचं सगळं एकदम ध्यानात आलं. मी विचारलं, "आत्याबाई... तुम्ही बोललात?"

त्यांनी तोंड उघडलं. तीच खरखर. मग डाव्या हातानं त्यांनी आपला पदर घेतला आणि स्वतःच्या लुळ्या उजव्या हातावर गुंडाळला. मनगटापासून पार कोपरापर्यंत. आणि माझ्याकडं बघत राहिल्या.

मी खाली बसले. 

तेवढ्यात पारूबाई दारात. "पारडी झाली गं! चिमनी दे जरा, आमची फुटली."

"पारूबाई, लाईट कधी गेली?"

"लाईट? तू शिडी चढत हुतीस तवाच की. गिरन बंद पडली न्हाई का? मी गोठ्यातनं बघतीया, लाईट न्हाई तरी ही बया अँटेना धरून उभी. आन् कुनाशी बोलत हुतीस गं एवढी? तुझाच आवाज येतोय, दुसरं कुनी न्हाई."

त्यांना चिमणी दिली.   भाकरी थापायला बसले. पहिली तव्यावर टाकली आणि तेव्हा आठवलं, आमचा टीव्ही काळा-पांढरा आहे. त्यात हिरवं पातळ कुणाला दिसलं? ती भाकरी कोळसा झाली. मामंजी जेवताना म्हणाले, "पारावर तर कुनी पाहुनं नव्हतं." मी म्हटलं, "गेले असतील."

दुसऱ्या दिवसापासून आत्याबाईंनी जेवण सोडलं. सोडलं म्हणजे घास तोंडाशी नेला की मान फिरवायच्या. जे हाती लागेल ते, टॉवेल, पदर, चादरीचं टोक, त्या उजव्या हाताला गुंडाळायच्या आणि माझ्याकडं बघायच्या. मी सोडवायचे, त्या परत गुंडाळायच्या. मला कळत होतं त्या काय विचारतायत. तिचा हात कसा आहे? एका आईला मुलीची जखम दिसली होती, आणि विचारायला वाचा नव्हती. पोटात पाण्यापलीकडं काही जात नव्हतं. एवढीशी झालेली ती कुडी, किती दिवस तग धरणार?

मामंजींनी एक दिवस बघितलं, दोन दिवस बघितलं. मग त्यांनी स्वतः दुधात भाकरी कुस्करली आणि खाटेशी बसले. "खा." आत्याबाईंनी भिंतीकडं तोंड केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याचं ऐकलं नसेल.

"हिला काय झालंय?" मामंजींनी मला विचारलं. "हाताला सारखं काय बांधती?"

मी केडगावची फटकळ पोर. म्हटलं, "मंगलवन्संच्या हाताला काहीतरी लागलंय. त्याचा घोर घेतलाय त्यांनी."

घरात ते नाव. माझ्या तोंडून. हे दाराशी उभे होते, ते लगेच म्हशीकडं निघून गेले.

"तुला कोन म्हनलं?"

"कुणी नाही. आत्याबाईंनी बघितलं."

मामंजी दूध-भाकरीची वाटी तशीच हातात धरून बसले होते. बोटं त्यात बुडली होती, तेही त्यांच्या लक्षात नव्हतं. सकाळी मी चूल पेटवत होते तर मागं येऊन उभे राहिले.

"पयल्या गाडीनं जा संगमनेरला. हात बघून ये. बाकी काय बोलायचं न्हाई."

संगमनेरला मास्तरांचं घर शोधायला फार त्रास झाला नाही. दार वाजवताना मात्र मला वाटत होतं, देवा, या बाईचा हात धडधाकट असू दे. धड असला की मी येडी ठरते आणि सुटते. सगळं माझ्याच कानांचं होतं, असं म्हणून घरी जाते.

दार उघडलं. डाव्या हातानं कडी काढली होती. उजवा हात बँडेजमध्ये, कोपरापर्यंत. कानापाशी केस पांढरे. आणि चेहरा आत्याबाईंचा.

"मी शालन," म्हटलं. "तुमची वहिनी."

त्यांचा रंग उडाला. "आई गेली?"

"नाही, नाही! आहेत. मी तुमचा हात बघायला आले."

"हात?"

"आत्याबाईंनी टीव्हीत बघितला. गुरुवारी. तेव्हापासून त्या जेवत नाहीत."

 मग मी सगळं सांगितलं. अँटेना, पेला, आवाज, उंबरा, हिरवं पातळ, गेलेली लाईट. वन्सं मास्तरांना म्हणाल्या, "मी जाऊन येते," आणि पिशवी न घेता माझ्याबरोबर निघाल्या.

त्या घरी आल्या तेव्हा मामंजी दारात होते. उठले आणि बाजूला झाले. दार मोकळं केलं. आत्याबाईंनी मुलीचा तो बँडेजचा हात आपल्या छातीशी धरला, आणि संध्याकाळी वन्संनी डाव्या हातानं भरवलेली पेज शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. पुढं त्या आणखी काही वर्षं जगल्या. एक शब्दही पुन्हा बोलल्या नाहीत.

मी पुढं, म्हातारपणी, एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अशा पेशंटला एखादा शब्द कधी फुटतो. एखादा शब्द, आजी, संध्याकाळभर गप्पा नाहीत. माझा मुलगा म्हणतो, तुझ्या मनाचे खेळ, पारूबाईंनी तुझाच आवाज ऐकला ना? बरोबर आहे. मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं. पण मनाचे खेळ म्हणावेत तर माझ्या मनाला मी कधी न पाहिलेल्या बाईचा हात कुठून ठाऊक? आणि कार्यक्रमात दिसलं म्हणावं तर टीव्ही बंद होता. बरं, चालू असता तरी काय झालं असतं, ते मला एसटीतच कळलं होतं. आज इतकी वर्षं झाली. अँटेना गेल्या, डिशच्या छत्र्या आल्या, आता नात हातातल्या मोबाईलवर सगळं बघते. 

त्या दिवशी संगमनेरहून निघाल्यावर वन्सं एसटीच्या खिडकीशी बसल्या होत्या. अकोले मागं पडलं, घाट लागला, तेव्हा त्या माझ्याकडं न बघताच बोलल्या. जसं बोलल्या तसं लिहिते.

"वहिनी, टीव्हीत माझा हात धड होता. शूटिंग होऊन महिना झाला, आणि तेव्हा मी मैत्रिणीचं निळं पातळ मागून नेसले होते. हात भाजला बुधवारी, दुधाचं पातेलं उतरवताना. हिरवं पातळ गुरुवारी अंगावर होतं, घरी. कार्यक्रम लागला तेव्हा सगळे आत टीव्हीपुढं बसले होते. मीच उठून उंबऱ्यात जाऊन बसले. म्हटलं, जिनं बघायला पाहिजे ती बघणार नाही, मग मी तरी माझं तोंड कशाला बघू?"